दहापैकी नऊ

पुरस्कार समितीचा खोका घेऊन माणूस आला, तेव्हा मी त्याच्या कानांकडे बघत सही केली. गेली दोन वर्षं मला माणसांचे कानच तेवढे दिसतात. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे. ज्याच्याकडे बघावं ते नाहीसं होतं आणि आजूबाजूचं सगळं शाबूत राहतं. डॉक्टरांनी हे फार हळुवारपणे समजावून सांगितलं. मी म्हटलं, काळजी करू नका, एकतीस वर्षं विनोदी सदर लिहिलंय, मुद्दा सोडून आजूबाजूचं बघायची मला सवय आहे. डॉक्टर हसले नाहीत. निदान हसल्याचा आवाज तरी आला नाही.

खोक्यात बेचाळीस कादंबऱ्या होत्या. सगळ्या पहिल्यावहिल्या. पहिल्या कादंबरीसाठी एक पुरस्कार आहे, त्याचे आम्ही तीन परीक्षक. तिघांनी सगळी पुस्तकं वाचायची, दहापैकी मार्क द्यायचे आणि चार महिन्यांनी एकत्र बसून एकमेकांच्या मार्कांना नावं ठेवायची, अशी पद्धत. मला दिसत नाही हे समितीला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं तर माझं नाव गेलं असतं, आणि ते गेल्यावर माझ्याकडे काय उरतं याची मी एकदा मनातल्या मनात यादी करायला घेतली होती. रक्तदाबाच्या गोळीपाशी यादी संपली. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. सदर बंद होऊन पाच. संपादकांचं पत्र आलं होतं, जागेअभावी. त्या जागेवर आता हवामानाचा तक्ता येतो. सदर बंद झालं म्हणून वाचकांचं एकही पत्र आलं नाही. तक्त्याबद्दल दोन आली, दोन्ही कौतुकाची. त्यानंतर मी एक ओळ लिहिली नाही. कुणाच्या तरी पुस्तकावर माझं मत कुणाला तरी हवं आहे, एवढा एकच धागा राहिला होता, आणि तो ताईच्या हातात होता.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मेव्हणे गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, ती माझ्याकडे राहते. एका छापखान्यात एकोणतीस वर्षं ती प्रुफं तपासत होती. तिथली पद्धत अशी, की दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. वाचणाऱ्याने सगळं वाचायचं. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, नवा परिच्छेद. आणि पदरचं काही घालायचं नाही. लेखकाने सूर्य पश्चिमेला उगवला असं लिहिलं असेल, तर समासात प्रश्नचिन्ह काढून गप्प बसायचं. सूर्याला हात लावायचा नाही. एकोणतीस वर्षांत आपण एकाही सूर्याला हात लावला नाही, असं ताई सांगायची. फुशारकी मारायची म्हणून नव्हे, विचारलं तर.

मलाही ती तसंच वाचून दाखवते. रोज दुपारी अडीच ते साडेचार, मी आरामखुर्चीत, ती खिडकीजवळच्या स्टुलावर, कारण तिला टेकून बसलं की वाचता येत नाही.

"तिने खिडकीतून बाहेर पाहिलं पूर्णविराम बाहेर काहीच नव्हतं स्वल्पविराम फक्त आठवणी होत्या पूर्णविराम पूर्णविराम पूर्णविराम."

"तीन वेळा?"

"टिंबं आहेत तीन. पुढचं सुचलं नाही की देतात."

पहिले आठ दिवस मला वेड लागायची पाळी आली. मग सवय झाली. पंख्याच्या आवाजाची होते तशी. चालू असतो तोवर ऐकू येत नाही.

नव्या कादंबऱ्यांबद्दल लोक मला विचारतात तेव्हा मी 'आश्वासक' म्हणतो. हा शब्द हॉस्पिटलातही वापरतात, पेशंट जायच्या आदल्या दिवशी. खरं सांगायचं तर बेचाळिसांपैकी एकतीस कादंबऱ्यांची सुरुवात कुणीतरी झोपेतून उठण्याने होत होती. लेखकही नुकताच उठलेला असावा. नोकरी कुणालाच नव्हती, पण सगळे थकलेले होते. बाप कडक होता किंवा मेलेला होता. एका कादंबरीत तो आधी मेलेला होता आणि नंतर कडक झाला, तिथे ताईने पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्ह काढलं. आणि खिडक्या. इतकी माणसं इतक्या खिडक्यांतून बाहेर बघत होती, की बाहेर उभं राहायला कुणी उरलंच नसावं.

मी असं काही बोललो की ताई पान न उलटता थांबायची. "तुझ्या तिसऱ्या कादंबरीत चौदा खिडक्या आहेत," ती म्हणायची. "मी मोजल्या होत्या. तेवढं मोठं घरच नव्हतं त्यांचं."

"ते उपरोधाने होतं."

"खिडक्या?"

मी नऊ कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या दोहोंचं नाव माझ्या दूधवाल्यालाही माहीत आहे, एक तर त्याने वजनकाट्याखाली ठेवली आहे, काटा डुगडुगतो म्हणून. उरलेल्या सात कुणी वाचल्या मला सांगता येणार नाही. लिहिण्याच्या धंद्यात एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. माणूस सगळं आयुष्य एका खोलीत बसून घालवतो आणि बाहेर आल्यावर त्या खोलीचंच वर्णन करत सुटतो. वाईट पुस्तक ऐकताना मला बरं वाटायचं, झोपही लागायची. चांगलं लागलं की त्या दिवशी जेवण जायचं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ताईला सांगावं लागलं नाही. ती पान वाढत होती.

सत्ताविसावं पुस्तक एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं होतं. कादंबरीतला मुलगाही लिफ्ट दुरुस्त करणाराच, आणि त्याचा बाप एका जुन्या कचेरीत लिफ्टमन. चाळीस वर्षं रोज वर गेला आणि दर वेळी खाली आला, असा माणूस. या पुस्तकात कुणी झोपेतून उठत नव्हतं, सगळे कामावर जात होते, एवढ्यावरच मी खुर्चीत सरळ बसलो. तारेला वंगण कसं लावायचं याची दोन पानं होती. ऐकताना माझ्या हाताला वास येतो आहे असं वाटलं. दहाव्या प्रकरणापर्यंत मी सात मार्कांवर होतो आणि दोन दिवस जेवण नीट गेलं नव्हतं.

अकराव्या प्रकरणात बाप मरतो आणि मागे आई राहते.

त्या दुपारी खालच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोकं पाडत होतं. ताईने सुरुवात केली. चंद्र होता, चंद्रामागे ढग होते, आईच्या डोळ्यांत चंद्र आला, स्वल्पविराम, ढगही आले, पूर्णविराम. मी मनात अर्धा मार्क कापला. तेवढ्यात खालचं भोकं पाडणं थांबलं. ताई पाणी प्यायली. पाच-सहा पानं एकदम उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं, चिकटली असतील. मग ती वाचायला लागली.

"चौथ्या दिवशी फोन वाजला. दातांच्या दवाखान्यातली मुलगी होती. म्हणाली, साहेबांची उद्या अकराची वेळ आहे, आठवण करायला फोन केला. ती म्हणाली, ते येऊ शकणार नाहीत. मुलगी म्हणाली, हरकत नाही, पुढची तारीख देऊ का. ती म्हणाली, द्या. मुलीने पुढच्या महिन्याची एकोणीस तारीख दिली. तिने ती भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिली, त्यांच्या नावाने. पुढचा महिनाभर त्यांना कुठेतरी जायचं होतं."

एवढंच. ताई थांबली. खालच्याने पुन्हा भिंतीला हात घातला तेव्हा मला कळलं, की मघापासून आपल्याला एकही स्वल्पविराम ऐकू आलेला नाही. मला वाटलं, हीच ती लेखनाची ताकद. एकोणतीस वर्षं वळण लागलेली जीभसुद्धा विरामचिन्हं विसरली.

"दहापैकी नऊ," मी म्हटलं.

वहीवर पेन टेकल्याचा आवाज आला नाही.

"नऊ?" ताई म्हणाली.

"नऊ. दहा मी कुणाला देत नाही."

मग तिने लिहिलं.

समितीच्या बैठकीत मी त्या पुस्तकासाठी भांडलो. आम्हा तिघांत अध्यक्षीणबाई म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेल्या प्राध्यापिका, आणि तिसरे गृहस्थ सगळ्यांशी सहमत असतात. त्यामुळे भांडण लवकर मिटलं. अभिप्राय मी लिहावा असं ठरलं. घरी येऊन मी तो ताईला सांगितला, तिने लिहून घेतला. 'विरामचिन्हांचाही विसर पाडणारं गद्य' असं एक वाक्य मी घातलं आणि स्वतःवरच खूश झालो. मग म्हटलं, "आता अवतरण सुरू. पुढचा महिनाभर त्यांना कुठेतरी जायचं होतं. अवतरण बंद."

"दुसरं घे की एखादं," ताई म्हणाली. "तारेबद्दलचं चांगलं आहे."

"तारेबद्दलचं चांगलं आहे. हे मोठं आहे."

"लेखकाला आवडेल का पण, नेमकं हेच उचललेलं?"

"ताई," मी म्हटलं, "छपाईतल्या चुका तू काढ, वाङ्मय माझ्याकडे सोड."

तिने लिहिलं. कागदाची घडी घातली. पाकीट तिनेच टाकलं.

निकाल जाहीर झाला. समारंभाला आठ दिवस असताना एका सकाळी तो लिफ्टवाला दारात उभा राहिला. चाळिशीचा असावा, कानांवरून. खांद्याला हत्यारांची पिशवी, ती त्याने फार जपून खाली ठेवली.

"तुमची लिफ्ट बंद आहे, सर. जिन्याने आलो. मशीन ठीक आहे, दाराचा खटका बसत नाहीये. जाताना बघतो."

"बक्षीस दिलं म्हणून कुणी लिफ्ट दुरुस्त केल्याचं पहिल्यांदाच ऐकतोय. बसा. धन्यवाद वगैरे देऊ नका."

"धन्यवाद द्यायला नाही आलो," तो म्हणाला. "अभिप्राय वाचला. चार वेळा. ते दातांच्या दवाखान्याचं कुठल्या पानावर आहे?"

"तुमच्याच पुस्तकात आहे, तुम्हीच शोधा."

"शोधलं. नाहीये."

मी त्याला लेखनावर एक छोटं व्याख्यान दिलं. लेखकाला आपलं लिहिलेलं आठवत नाही, मला माझी सहावी कादंबरी दुसऱ्या कुणाची वाटते, चांगलं वाक्य तर लेखकाच्या नकळत येतं, वगैरे. एकतीस वर्षं सदर लिहिलं की असलं बोलायला डोळे लागत नाहीत. त्याने ऐकून घेतलं.

"सर, तेरा वर्षं लिहीत होतो ते पुस्तक," तो म्हणाला. "गच्च्यांवरच्या मशीनच्या खोल्यांत बसून. कुठली ओळ कुठल्या बिल्डिंगीत लिहिली तेही आठवतं मला. दातांचा दवाखाना कुठल्याच बिल्डिंगीत नाही. मला बक्षीस नको असं नाही हां. हवंय. बायकोने पाहुण्यांना सांगून ठेवलंय. पण ते कुठल्या पानाला मिळालं, एवढं कळू दे."

खरं तर तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की मला दिसत नाही. त्याऐवजी मी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

"ताई, यांना अकरावं प्रकरण वाचून दाखव. स्वतःचं पुस्तक विसरलेत."

ताई हात पुसत आली. पुस्तक कपाटातून काढलं, स्टुलावर बसली. "सगळं?" तिने विचारलं. मी म्हटलं, सगळं.

तिने सगळं वाचलं. चंद्र स्वल्पविराम ढग स्वल्पविराम, आईच्या अश्रूंत चंद्राचे तुकडे, आत्मा लिफ्टसारखा वर वर गेला टिंब टिंब टिंब. बारा पानं. लिफ्टवाल्याचे कान हळूहळू लाल होत गेले. तेवढं मला दिसत होतं. शेवटचा पूर्णविराम वाचून ताई थांबली.

"पुढे?" मी म्हटलं.

"पुढे बारावं."

"आणि दवाखाना?"

"तो यात नाही."

"मग कशात आहे? दुसऱ्या कुठल्या पुस्तकातलं मिसळलं का माझ्या डोक्यात?"

"कुठल्याच पुस्तकात नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, समासात चूक दाखवावी तसा. "फोन माझ्याकडे आला होता. हे गेले त्याच्या चौथ्या दिवशी."

सहा वर्षांपूर्वी त्या चौथ्या दिवशी मी ताईच्याच घरी होतो. शेजारच्या खोलीत बसून सदर लिहीत होतो, कारण सदर कुणासाठी थांबत नाही, असं मी तेव्हा म्हणायचो. फोन वाजलेला मला चांगला आठवतो. मला वाटलं होतं, माझ्यासाठी आहे.

लिफ्टवाला उठून उभा राहिला, मग पुन्हा बसला. "म्हणजे सर तुम्ही पुस्तक..."

"मला दिसत नाही," मी म्हटलं. दोन वर्षं जपलेलं वाक्य किती छोटं निघालं. "तुमचे कान दिसतात. चांगले आहेत. पुस्तक ही वाचते."

त्याला राग आला असता तर मला सोयीचं झालं असतं. रागावलेल्या लेखकाची थट्टा मला झोपेतही करता येते. पण तो ताईकडे वळला.

"ताई, ते मला द्याल का? दुसऱ्या आवृत्तीत घालतो. तो चंद्र-बिंद्र काढून टाकतो सगळा. तुमचं नाव पहिल्या पानावर."

"जमणार नाही," ताई म्हणाली. "तिसऱ्या प्रकरणात बापाची कवळी वाटीत काढून ठेवली आहे तुम्ही. सगळी. तो दातांच्या डॉक्टरकडे कशाला जाईल?"

हे मला नऊ मार्क देताना सुचलं नव्हतं. बैठकीत भांडताना सुचलं नव्हतं. अध्यक्षीणबाईंनाही नाही.

"कवळी काढतो," लिफ्टवाला म्हणाला. "एका माणसाला दात द्यायला कितीसा वेळ लागतोय."

"नको," ताई म्हणाली. "ह्यांचे दात ह्यांचे होते. खालची एक दाढ सोडली तर." मग जरा थांबून म्हणाली, "तुमचं तारेचं प्रकरण चांगलं आहे. तेवढं कुणाला लिहिता येत नाही. चंद्राला मी समासात प्रश्नचिन्ह केलं आहे, आठ ठिकाणी. पुस्तक घेऊन जा, बघा."

तो पुस्तक घेऊन गेला. थोड्या वेळाने जिन्यातून खटक्याचा आवाज आला, मग दार सरकल्याचा, मग लिफ्ट खाली गेल्याचा.

आम्ही दोघंच राहिलो. मी म्हटलं, "तू असं का केलंस?"

"ते चंद्राचं मला वाचवेना. असं नसतं ते. तुला सांगावं असं वाटलं. पुस्तक हातात असलं की तू ऐकतोस."

"मग सांगायचं होतंस, हे आपलं आहे म्हणून."

"तू मार्क दिलेस लगेच."

मी खुर्ची चाचपून नीट बसलो.

"एक कशाचा कापलास रे?" तिने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मग एकेक गोष्ट डोक्यात जागेवर बसायला लागली, खटका बसावा तशी. मेव्हणे गेल्यावर मी तिला म्हटलं होतं, एकटी राहू नकोस, आजच चल. ती म्हणाली होती, वीस तारखेला येते. का वीस, मी विचारलं नव्हतं. महिनाभर थांबलो, आणि त्या महिन्यात एक सदर लिहिलं. एक बॅग भरायला महिना लावणाऱ्या बहिणीवर. तिची बॅग, बॅगेतले रुमाल, रुमालांच्या घड्या. फार गाजलं. लोक रस्त्यात थांबवून रुमालांबद्दल विचारायचे.

"तू ते सदर वाचलं होतंस?" मी विचारलं.

"हो."

"मग?"

"एक चूक होती त्यात."

"कुठली?"

"बॅग नव्हती. दोन पिशव्या होत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अध्यक्षीणबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. डोळे, ताई, दवाखाना, कवळी. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं.

"तुम्हाला दिसत नाही हे आम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी बैठकीत तुम्ही पुस्तक उलटं धरून उतारा वाचून दाखवलात. बरोबर वाचलात, म्हणून कुणी बोललं नाही."

"मग मला काढलं का नाहीत?"

"बदली कोण मिळणार? बेचाळीस पुस्तकं वाचायला तयार असलेला माणूस तुमच्याशिवाय कोण आहे? मी स्वतः नव्वद पानं वाचली त्या पुस्तकाची. मग तुमचं बोलणं ऐकलं आणि उरलेलं वाचायची गरज पडली नाही."

"आणि ते तिसरे गृहस्थ?"

"ते सहमत आहेत."

म्हणजे ज्या पुस्तकाला आम्ही एकमताने बक्षीस दिलं, ते अख्खं वाचलं होतं एका माणसाने. ताईने. आणि तिला कुणी मार्क विचारले नव्हते. बाई म्हणाल्या, अभिप्रायातलं ते एक वाक्य गाळू, बाकी राहू द्या, नाहीतरी तो कुणी वाचत नाही. मी म्हटलं, वाक्य गाळा आणि माझं नावही गाळा, पुढच्या वर्षीपासून. त्यांनी फार आग्रह केला नाही. तिथेही हवामानाचा तक्ता येईल.

समारंभाला पंचवीसेक माणसं होती, त्यात निम्मे लिफ्टवाल्याचे पाहुणे. त्याने तारेचं प्रकरण वाचलं. वाचता येत नव्हतं त्याला, ठेचकाळत होता, पण ते चांगलं होतं. मनापासून सांगतो. बक्षीस त्या पानांनाच मिळायला हवं होतं, आणि ज्यांच्यासाठी मिळालं ती त्याची नव्हती, हे त्या सभागृहात फक्त चौघांना ठाऊक होतं. खाली उतरताना तो माझ्या हाताला हात लावून म्हणाला, "आता ते पान लिहून बघतो, सर. माझं." पाच-सात वर्षं लागतील. मी असेन की नाही माहीत नाही.

ताई अजून मला वाचून दाखवते, समिती नसली तरी. अडीच ते साडेचार. मी आता मार्क देत नाही. आरामखुर्चीत बसून मी गोष्ट ऐकत नाही, विरामचिन्हं ऐकतो. कुठे एखादा स्वल्पविराम गळतो का, पानं एकदम उलटतात का. तीन महिने झाले. ती एकही चुकवत नाही.

एकदा मी विचारलं, एकोणीस तारखेला काय झालं. ती म्हणाली, "ते पुस्तकात नाही," आणि पुढे वाचायला लागली.

हे सगळं मी तिलाच सांगतो आहे आणि ती लिहून घेते आहे. पाच वर्षांनी पहिल्यांदा काही लिहितो आहे ते असं. तिचं पेन दोनदा थांबलं, बॅगेपाशी आणि त्या एका मार्कापाशी. तिने काय लिहिलंय मला दिसत नाही. सूर्याला हात लावला असेल तर लावला असेल. आता मी तिला म्हणतो आहे, की पुढची जागा तुझी. एकोणीस तारीख तुला लिहायची तर लिही, नाहीतर कोरी सोड. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवतो. तेवढं मला न बघता येतं.

एकोणीस तारखेला पावणेअकराला पोचले. मुलीने नाव विचारलं, ह्यांचं सांगितलं. तिने वर बघितलं नाही, बसा म्हणाली. नंबर आल्यावर आत गेले. डॉक्टर रिकामे उभे होते, खुर्ची तयार होती, तशीच परत फिरणं बरं दिसेना. मी बसले. त्यांनी दिवा लावून सगळे दात बघितले, आरसा फिरवून. म्हणाले, उत्तम आहेत, काळजीचं काही कारण नाही. इतका राग मला कधी आला नव्हता. बाहेर मुलीने विचारलं, पुढची तारीख देऊ का. मी नको म्हणाले. घरी येऊन दोन पिशव्या भरल्या. रुमाल नव्हते.

हे त्याला वाचून दाखवणार नाही. मार्क देईल.